दीड मणाचा ट्रेलर

माणूस एकदा गाढव ठरला की गावाला दहा वर्षं हसायला पुरतो. मी तर सही-शिक्क्यानिशी गाढव ठरलोय! थांबा, आधी चहा संपवा. नाहीतर ऐकता ऐकता ठसका लागायचा आणि बोल मला लावाल.

मोटारीचा नवा कायदा नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. मी भोरात लॉरी चालवायचो. लॉरी सखारामअण्णांची. अण्णा मूळचे वेल्ह्याकडच्या पासलीचे. त्यांनी भोरातली एक जुनी भात सडायची गिरणी तेलाच्या इंजिनासकट विकत घेतली आणि ती वेल्ह्यात बसवायचं ठरवलं. तिकडच्या बाया उखळात भात कांडून कांडून हाताला घट्टे पाडून घ्यायच्या. अण्णांनी त्यांना शब्द देऊन ठेवला होता, "या सुगीला मुसळं आढ्याला टांगा!"

सडायची यंत्रं आधीच बैलगाड्यांनी गेली. राहिलं इंजिन, म्हणजे नुसतं धूड. लॉरीत काही चढेना. तेव्हा ते एका लोखंडी ट्रेलरवर बसवायचं आणि ट्रेलर लॉरीमागं जोडायचा असं ठरलं.

मोटारीच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "नुसत्या लायसनवर भागायचं नाही. मागं ट्रेलर असला तर त्याला वजनाचा कागद लागतो. परवा कापूरहोळला मोटारीचे इन्स्पेक्टरसाहेब येणार आहेत. हा फॉर्म भरून त्यांना दाखवा."

अण्णांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "नामदेवा, वर विंग्रजी हाय. तुला येतं न्हवं?"

"न येऊन सांगतो कुणाला? तीन बुकं झाल्यात माझी!"

इथंच शेण खाल्लं बघा. तीन बुकं झाली होती, पण मराठी. इंग्रजीतलं मला एकच अक्षर ओळखू यायचं, ते म्हणजे लॉरीच्या नंबराच्या पाटीवरचं पहिलं!

वरचं ठळक इंग्रजी मी सोडून दिलं. खाली मराठीत प्रश्न होते. आता मला सांगा, परवाना कुणाला लागतो? ड्रायव्हरला. मग माहिती कुणाची विचारणार? ड्रायव्हरचीच की! बसलो टाक घेऊन.

'बनावट कोठील?' जरा चमत्कारिक वाटलं, पण सरकारी मराठी तसंच असतं. लिहिलं, 'आंबवडे.' 'रंग?' 'निमगोरा.' 'लांबी?' उंचीला हे लोक लांबी म्हणतात होय! 'पाच फूट चार इंच.' 'रात्री कोठे ठेवण्यात येते?' 'मामाच्या पडवीत.' 'ओढण्याचे साधन?' इथं खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. लिहिलं, 'विडी. दिवसाला चार.'

अडलो ते पुढं. 'रिकामे वजन' आणि 'भारासह वजन' असे दोन रकाने होते. मी डोकं खाजवलं आणि डोक्यातून उत्तर निघालं! दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा घोटही न घेता अण्णांसोबत वखारीत गेलो आणि भाताच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात बसलो. दीड मण भरलो. मग अण्णांच्या घरी चार भाकरी, पिठलं आणि वर तांब्याभर ताक घेतलं आणि पुन्हा पारड्यात. दोन शेर वाढलो, एक मण बावीस शेर!

अण्णा म्हणाले, "सरकार लई बारकाईनं बघतंय गड्या."

पुढच्या दिवशी निघालो. रिकामी लॉरी पुढं, मागं ट्रेलर, त्यावर ताडपत्रीखाली बांधलेलं इंजिन. अण्णा माझ्या शेजारी. सारखे मागं वळून बघत होते, जसं काही पोरगी सासरी चाललीय.

कापूरहोळच्या अलीकडं एका ओढ्यावरची मोरी पावसात वाहून गेली होती. तिथं तात्पुरता फळ्यांचा पूल टाकलेला, आणि त्यावर राखणीला दौलततात्या नावाचा म्हातारा. त्यानं काठी आडवी धरली.

"रिकामी लॉरी जाऊ द्यायचा हुकूम हाय. मागचं काय हाय ते? चाळीस मणाच्या वर आसलं तर बैलं लावून खालनं उतारानं न्या. वजनाचा कागद दावा."

वजनाचा कागद! माझ्याकडं वजन लिहिलेला कागद एकच होता. दिला. मनात म्हटलं, पूल एवढा नाजूक आहे का, की ड्रायव्हरचंसुद्धा वजन बघतात?

तात्या एकेक अक्षर लावत वाचू लागला. "भा-रा-सह... एक मन... बावीस शेर." त्यानं ताडपत्रीकडं बघितलं. मग कागदाकडं. मग परत ताडपत्रीकडं.

"येवढ्या मोठ्या ढिगाचं येवढंच वजन? कोंडा हाय का काय आत?"

"तात्या, दोनदा मोजलंय. माझ्या डोळ्यादेखत," अण्णा म्हणाले. बिचारे खरंच बोलत होते!

"मग जावा. सरकारी कागदाम्होरं आपली अक्कल कशाला पाजळा?"

मी लॉरी पुलावर घातली. पुढची चाकं चढली. फळ्या कुरकुरल्या, पण तेवढं चालायचंच. मागची चाकं चढली. आता ट्रेलर. तो पुलावर आला आणि सगळा पूल एकदम खाली गेला हो! वीतभर तरी. 

"नामदेवा, काय झालं?"

"काय न्हाई अण्णा. बोलू नका."

पूल फार तर तीस पावलांचा. पण मला तो तिथनं पार वेल्ह्यापर्यंत गेल्यासारखा दिसत होता. खाली ओढ्यात पाणी थोडं आणि दगड मोठे. मधोमध आलो आणि मागं बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. कडाड! ट्रेलरचं डावं चाक फळी मोडून आत गेलं. लॉरीला मागं हिसका बसला. स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं.

थांबावं तर पूल तिथंच खचणार. जोर द्यावा तर जोडाची खीळ तुटणार, आणि इंजिन दगडांवर! अण्णांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. माझ्या डोळ्यापुढं ती उखळं आली आणि त्यांच्याभोवती बसलेल्या बाया. त्यांना जाऊन काय सांगायचं? मी पहिला गिअर टाकला आणि पायाखाली अंडं असल्यासारखा पाय दाबत गेलो. लॉरी कण्हली. चाक हललं. दुसरी फळी मोडली. तिसरी मोडली. पुढच्या चाकांना माती लागली, मग मागच्यांना, आणि शेवटी ट्रेलर उडी मारल्यासारखा वर आला. त्याच्या मागं निम्म्या फळ्या धाडधाड ओढ्यात पडल्या.

मी खाली उतरलो. उतरलो म्हणजे काय, गळालो. 

पलीकडनं तात्याच्या आरोळ्या आल्या. "येक मन बावीस शेर म्हनं! आरं, कुनाला फशिवतोस? थांब! चल सायबाकडं!" आणि म्हातारा धोतर वर खोचून ओढ्यातनं पाणी तुडवत आला आणि लॉरीच्या पायरीवर उभा राहिला.

कापूरहोळला झाडाखाली टेबल मांडून साहेब बसले होते. चष्मा, टोपी, चेहरा असा की कधी हसलेलाच नसावा. तात्यानं सगळं सांगितलं.  लायसन जाणार, अण्णांवर खटला होणार, गिरणी इथंच अडकणार! साहेबांनी फॉर्म हातात घेतला.

"हे आंबवड्याला बनलंय?"

"व्हय साहेब. आमचं आजोबापण तिथलंच."

साहेबांनी बोट खालच्या ओळीवर नेलं. "रंग निमगोरा? मला तर काळा दिसतोय."

"उन्हातान्हात फिरून रापलाय साहेब."

"रात्री मामाच्या पडवीत?"

"थंडी असली तर मामी आत घेती."

साहेबांनी ट्रेलरकडं बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत. मग पुढची ओळ वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ओढण्याचं साधन... विडी?"

"सोडतो साहेब. आजपासून सोडतो!"

"हा फॉर्म कुणाचा आहे?"

"माझाच की साहेब."

"वर काय लिहिलंय, वाच."

काय वाचणार कपाळ!  साहेबांनी सावकाश सांगितलं, "इथं ठळक अक्षरांत लिहिलंय, ट्रेलरची माहिती. ट्रे-ल-र-ची."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं हो! "म्हंजी," ते हळूच म्हणाले, "त्या पुलावर म्या तुझ्या वजनाच्या भरवशावर बसलो हुतो?"

मी साहेबांच्या पायाशी बसलो आणि सगळं कबूल केलं. बुकं, पिठलं, ताक, सगळं. अण्णांचा दोष नाही, तात्याचाही नाही, गिरणी तेवढी अडवू नका. साहेबांनी इंजिनावरची पितळी पट्टी वाचली. वजन माझ्या लायसनच्या कितीतरी पलीकडचं होतं. जड ट्रेलर ओढायच्या परवानगीचा शेराच नव्हता त्यावर. लायसन दोन महिने जप्त. इंजिनाचे भाग सुटे करून बैलगाड्यांनी न्या, असा हुकूम झाला. पुलाच्या फळ्या मी स्वतः तात्याच्या हाताखाली बसवल्या. प्रत्येक खिळ्याला त्याची एक शिवी होती.

जाताना साहेबांनी माझ्या फॉर्मवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. "जपून ठेव," म्हणाले. मला वाटलं, पुलावर गाडी राखली त्याची शाबासकी असणार. पडत्या फळाची आज्ञा म्हणून कागद कोपरीच्या खिशात ठेवला.

गिरणी आठवडाभर उशिरा सुरू झाली. पण झाली! पहिला पांढराशुभ्र तांदूळ पडला तेव्हा बाया दोन्ही हातांनी तो चाळवत राहिल्या. अण्णांनी त्यातली मूठ उचलून कपाळाला लावली. मलाही भरून आलं. त्या भरात मी कागद काढला आणि शाळेच्या मास्तरांना म्हटलं, "मास्तर, साहेबांनी माझ्यासाठी काय लिहिलंय, जरा सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा."

मास्तरांनी वाचलं. घसा खाकरला. मग खणखणीत आवाजात मराठी करून सांगितलं.

"वर वर्णन केलेली वस्तू मी समक्ष तपासली. लॉरीच्या मागे बांधून नेण्यास हरकत नाही. मात्र पुढे बसवू नये."