चर्चच्या भिंतीवरच्या काचपट्ट्या

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. ऐंशीच्या दशकात इंजिनियर होऊन मालवणला नोकरीला लागलो, तेव्हा वडिलांनी मला आधी गावच्या मास्तरांच्या पायांवर घातलं होतं.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते किनाऱ्यावरच्या एका जुन्या चर्चचं. घाटाकडे भूकंप झाला की हादरे इथवर जाणवत. चर्चची चिऱ्यांची उंच दर्शनी भिंत बाजूच्या भिंतींपासून सुटत होती. मोठा हादरा आला तर ती कोसळेल का, हे मला सांगायचं होतं. भेगांवर मी काचेच्या पातळ पट्ट्या सिमेंटने आडव्या चिकटवल्या. भेग रुंदावली की काच तडकते.

चर्चची, त्यांच्या भाषेत इगर्जेची, देखभाल करणारे म्हातारे काका खालून बघत होते.

"साहेबानू, इगर्जेक ताप इलो काय? पट्टे बांधतास ते!"

मी हसलो. "काचा सांभाळा," एवढंच सांगून निघालो.

त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती. दोघांचं लग्न याच चर्चमध्ये लागलेलं. "तिचा शेवटचा मीस हयच होवंदे, इतक्याच मागणा आसा," अंत्यविधीच्या प्रार्थनेबद्दल ते म्हणत.

चार महिन्यांनी गेलो तर सगळ्या काचा शाबूत. खुशीत वहीत लिहिलं, हालचाल नाही. त्यांनाही सांगितलं, चर्च उघडंच राहील. मग चहा देता देता ते म्हणाले, "दारावरची तुमची काच तीनदा फुटली. मी दरवेळी नवी लावलंय. आमच्या लग्नाच्या फोटोची काच कापून."

काच कशासाठी लावतात, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

वहीतली ओळ खोडली. अहवालात लिहिलं, दुरुस्ती होईपर्यंत चर्च बंद ठेवावं.

महिन्याभरात त्यांची बायको गेली. बंद दारापासून वीसेक पावलांवर, झावळ्यांच्या मांडवात शवपेटी ठेवली होती. मी गेलो होतो. ते माझ्याजवळ आले.

"झिला, तिका पाच मिन्टां आत नेलव तर?"

"नको, काका."

"बरा. तू शिकलेलो माणूस, तुका कळता." आणि मांडवात परत गेले.

दुरुस्ती होईपर्यंत एकही हादरा आला नाही. तरी अहवाल बरोबर होता, आजही तसाच लिहीन. पण पहिल्याच दिवशी नीट समजावलं असतं, तर काच पहिल्यांदा फुटली तेव्हाच त्यांनी कळवलं असतं, आणि काम तेव्हाच सुरू झालं असतं.

पुढे एकदा त्यांच्या घरी गेलो. लग्नाचा फोटो काचेविनाच भिंतीवर होता. खाऱ्या हवेने नवरीचा चेहरा पुसट झाला होता.