काजळीवरची रेघ

तीस सालाच्या आसपास मी सोलापुरात हवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कारकून होतो. एका दुपारी मंगळवेढ्याकडचा एक मेंढपाळ घोंगडीत काहीतरी गुंडाळून, तान्हं मूल धरावं तसं, घेऊन आला. फुग्याला बांधून आभाळात सोडलेलं यंत्र त्याच्या रानात पडलं होतं. ठरलेल्या दिवशी देशोदेशीचे लोक असे फुगे सोडत आणि नोंदी एकमेकांना कळवत. यंत्रावरची चिठ्ठी त्यानं गावच्या शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतली होती: उघडू नये, आणून द्यावे.

“गाडीत हिसकं बसत्यात, म्हून दोन दिस चालतच आलो,” तो म्हणाला. मग हळूच, “वर लई थंडी असती का वो?”

“ते आतल्या काजळी फासलेल्या पट्टीवर सुईनं रेघ ओढून उमटतं. ती नोंद परदेशीही कळवतात.”

“आन् परदेशातलं सायेब बघनार? माज्या रानात पडल्यालं?” त्याला हसू आवरेना.

तो पाणी प्यायला गेला. मलाही राहवेना. झाकण उघडून मी पट्टी उजेडात धरली आणि माझ्या अंगठ्यानं अर्धी रेघ पुसली गेली. अहवालात मी लिहिलं, ‘सापडणाऱ्याच्या हाताळणीमुळे नोंद खराब.’

महिन्यानं तो नोंदीचं काय झालं ते मुद्दाम विचारायला आला.

“खराब निघाली,” मी म्हणालो.

त्यानं आपले दोन्ही तळवे निरखून पाहिले. “माजाच हात लागला असंल, सायेब. मास्तरानी बजावलं हुतं की.”

त्यावर मी मान डोलावली. रेघ पुसली गेली ती चुकून. मान मात्र मी जाणून डोलावली.