कागदावरची अकुशल बाई

कामगार खात्याचे इन्स्पेक्टर जिना चढत होते, तेव्हा मालकांनी माझ्या हातात झाडू दिला. "ताई, विचारलं तर सांगायचं, झाडलोट करते. आणि मशीनपासून लांब उभ्या राहा."

कसबा पेठेतल्या त्या छापखान्यात मी सहा वर्षं कागद कापायचं मशीन चालवतेय. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, वह्या, सगळ्याला माप माझ्या हातून मिळतं. पातं खाली येताना लक्ष हललं तर बोटं जातात. माझी दहाही शाबूत आहेत.

आम्ही पाच कामगार. बाकी चौघे जिथल्या तिथे. झाडू फक्त मला. वाशीमकडच्या आमच्या गावात आईने जन्मभर दुसऱ्यांची अंगणं झाडली. माझं आडनाव मालकांना पुरेसं होतं. राग आला, पण त्याच्या आधी भीती आली. वारज्यातली भाड्याची खोली, दोन मुलींची शाळा, कंबर धरून घरी बसलेला नवरा. मी झाडू घट्ट धरला.

मालकांचं गणित मला ठाऊक होतं. एकदा हिशेबनीसाला ते समजावत होते आणि मी शेजारी कागद रचत होते. बाईला काय कळतंय, असं वाटलं असेल. प्रत्येक धंद्याला सरकार किमान पगार ठरवून देतं. छापखान्याला वेगळा, हॉटेलला वेगळा. त्यात पुन्हा कुशल, अर्धकुशल, अकुशल. मालक माणसाला कुठल्या पायरीवर लिहितो, त्यावर पगार. जादा तासांचे पैसे, फंड, बोनस, सगळं त्यावरच. मशीन चालवणारी कुशल, झाडणारी अकुशल. म्हणून सहा वर्षं माझ्या नावापुढे सफाई.

इन्स्पेक्टर चष्मा लावलेले, शांत गृहस्थ. "आपण काय काम करता?"

"झाडते, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. हे मशीन कोण चालवतं, असं विचारल्यावर मालक म्हणाले, मीच. मालकांच्या हाताला आयुष्यात शाई लागलेली नाही.

इन्स्पेक्टर खाली उतरले. मालक माझ्याकडे बघून हसले. "अहो ताई, झाडू काय शोभला तुमच्या हातात! शिकवावं लागलं नाही."

एकजण हसला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. माझ्या डोळ्यांपुढे आई आली, वाकलेली. मी झाडू टाकला आणि जिन्याकडे निघाले. मालकांनी हाक मारली. मी थांबले नाही, उतरले.

इन्स्पेक्टर गल्लीत स्कूटर काढत होते. "साहेब, मी खोटं बोलले. ते मशीन मी चालवते."

त्यांनी स्कूटर पुन्हा स्टँडला लावली. मग म्हणाले, नुसतं सांगून चालणार नाही. जबाब द्यावा लागेल, सहीनिशी. मालकांना कळेल. विचार करा. वर खिडकीत मालक उभे होते. वाटलं, अजून वेळ आहे, चुकून बोलले म्हणावं.

"वर चला," मी म्हणाले. "चालवून दाखवते."

सगळे बघत होते. मी कागदांची गड्डी ठोकून सरळ केली, माप लावलं, दाब दिला. चार घाव, चारही कडा साफ. इन्स्पेक्टरांनी आधीची ओळ खोडली आणि मला विचारून नवी लिहिली. मी सही केली. मालक एवढंच म्हणाले, "आपण फार हुशार झालात."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आता सकाळ झालीय. भीती गेलेली नाही. तरी नऊ वाजता मी मशीनपाशी उभी राहणार. मालकांना मला काढायचं असेल तर कटिंग मशीनची कुशल कामगार म्हणून काढावं लागेल, आणि तसं लिहून माझ्या हातात द्यावं लागेल. तोंडी सांगितलं तर मी जागची हलणार नाही.