स्नेहलच्या अभिप्रायाचा नारळ

कॉलेजचा फोन आला की स्नेहल ढमालेच्या कपाळाला आठ्या पडत. "माजी विद्यार्थी मेळाव्याला या मॅडम, तुमचा अभिप्राय मोलाचा असतो." जावं तर शाल, नारळ, फोटो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चांदे गावातल्या घरात शालींची चळत झाली होती. आई म्हणायची, "त्यास्नी म्हनावं एखादी बादली द्या, कामाला तरी यील."

अभिप्राय दर वर्षी एकच असे: पोरांचा सीएनसी मशीनवर हात बसू द्या. स्वतः ती मेकॅनिकलची पदवी पहिल्या वर्गात घेऊन पिरंगुटच्या कारखान्यात गेली, सुपरवायझरनं तसलंच, संगणकावर चालणारं लेथ मशीन चालू करायला सांगितलं आणि बाईसाहेबांना बटण सापडेना. कॉलेजात ते मशीन फक्त फळ्यावर पाहिलेलं! शॉपमधले सगळे कामगार हसले. आता त्याच शॉपमध्ये ती नव्या पोरांना शिकवत होती, पण ते हसणं तिच्या मनातून गेलं नव्हतं. आणि धाकटी बहीण पायल त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पुढच्या आठवड्यात तिची नोकरीची चाचणी होती, तीही मशीनवर.

यंदा विभागप्रमुख नरहरी सर फाटकापर्यंत सामोरे आले. "स्नेहल, तुझ्या अभिप्रायावर कृती केली बरं का! मशीन घेतलं."

ती तडक वर्कशॉपात गेली. मशीन खरंच होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून पाचोळा झालेला.

"सर, हे चालू का नाही?"

"उद्घाटन व्हायचंय ना. संस्थेच्या अध्यक्षांना मोठा पाहुणा हवाय, आणि मोठ्या पाहुण्यांच्या तारखा मिळत नाहीत."

"मग पोरांनी वर्षभर केलं काय?"

"पूजा," मागून पायल म्हणाली.

स्नेहलचं डोकंच फिरलं. कुणावर ओरडावं तेही कळेना. थोड्या वेळानं सभागृहात सर माइकवरून सांगत होते की माजी विद्यार्थ्यांच्या सूचनांमुळे अभ्यासक्रमात आमूलाग्र सुधारणा झाली. टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. फोटोग्राफर "मॅडम, इकडं बघा" म्हणेपर्यंत मॅडम नारळ घेऊन स्टेजवरून उतरल्या होत्या. शाल तशीच खांद्यावर. मागं पायलचा सगळा वर्ग, आणि त्यांच्या मागं धापा टाकत सर.

वर्कशॉपच्या दारात शिपाई कोंडाजी आडवे झाले. "ताई, मशीनला हात लावू द्यायचा न्हाई, सायबांचा हुकूम हाय."

"हात कुठं लावतेय? नारळ वाढवतेय."

कोंडाजींनी सरांकडं पाहिलं, मग मशीनकडं. "वाढवा मंग," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

तिनं उंबऱ्यावर नारळ आपटला. पाणी सरांच्या बुटांवर उडालं. प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

"अगं, पण पाहुणे!" सर कळवळले.

"मी पाहुणीच आहे ना सर? शाल तुम्हीच घातलीत."

कोंडाजींनी भिंतीवरचा मेन स्विच ओढला. स्नेहलनं पायलला पुढं ढकललं. पायल मशीनसमोर उभी राहिली, हात वर गेला आणि तसाच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ताई," ती पुटपुटली, "बटण कुठलं गं?"

वर्गातून एक जण हसला. स्नेहलनं वळून पाहिलं तसा तो गप्प झाला. मग तिनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला.

"विचार. हितं कितीबी येळा विचार," ती म्हणाली. "तितं कारखान्यात नको."