मेल आधी बुढ्याला दाखवा

दिग्रसच्या आमच्या बँकेत मी तीस वर्षं शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही आणि त्याची लाजही नाही. रिटायर झालो तरी घरी करमत नाही, म्हणून रोज दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसतो. तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत. गोखरूच्या काट्यासारखे चपलेला लागून घरी येतात.

खोट्या ईमेलपायी लोकांची खाती साफ व्हायला लागली, तेव्हा आमच्या बँकेतल्या ऑफिसर राऊत मॅडमने नियम काढला. बँकेच्या नावाने मेल आला तर बोट लावायचं नाही, आधी काकांना दाखवायचा. मी म्हटलं, "मॅडम, मले त्यातलं कायबी वाचता येत नाही."

"म्हणूनच. वाचता येणारा घाबरतो, काका. तुम्ही फक्त खोदून विचारा."

माझी ग्रॅच्युइटीही याच बँकेत, बायकोच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली. म्हणून हे काम मी मन लावून करतो.

* * *

कापसाच्या जिनिंगवाले एक शेठ मोबाइल नाचवत आले. "काका, इन्कम टॅक्सचा रिफंड आला. फक्त पासवर्ड टाकायचा हाय."

मी विचारलं, "शेठ, तुमी टॅक्स भरला कवा?"

शेठनी मोबाइल खिशात घातला आणि चहा मागवला. मलाही पाजला.

* * *

एक प्राध्यापक चिडले. "बँकेनेच पाठवलाय हा मेल. तुम्हाला काय कळतं?"

"बँक तुमच्या मागं बसून हाय. वळा अन् इचारा."

वळले. मॅडमने तिथूनच नकारार्थी मान हलवली.

* * *

एका शिक्षिकेने मात्र पासवर्ड भरून टाकला होता. रडत आली. मॅडम जेवायला बसल्या होत्या. तशाच उठल्या, खात्यातले व्यवहार थांबवले, हेल्पलाइनला फोन लावला. बाईचे पैसे वाचले. मॅडमच्या कीबोर्डला आठवडाभर ठेच्याचा वास येत होता. कोणी तक्रार केली नाही.

* * *

एकदा मी बँकेतल्याच एका कारकुनाला खरा मेल पुसून टाकायला लावला. मॅनेजर साहेब तापले, "काका, तो आपल्याच हेड ऑफिसचा होता."

"मंग हेड ऑफिसनं चोरासारखं काहून लिहावं?"

मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या सर. एक खरा गेला तर परत मागवता येतो." अशी बाजू घेणारं माणूस नोकरीत एकदाच भेटतं.

* * *

आता माझंच सांगतो. रविवारची दुपार. गुरुवारी नागपूरला ऑपरेशन. माझ्या मोबाइलवर मेल आला, आणि चक्क मराठीत. मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. "आदरणीय ग्राहक, आपले खाते आज सायंकाळी पाच वाजता बंद होईल. खालील लिंकवर पासवर्ड भरा."

घाम फुटला. मॅडमचा फोन लागेना. घाम पुसायला चष्मा काढून ठेवला, तर बायकोने तो उचलला आणि त्याच्यावर बसली.

"चष्मा दे. पाच वाजता खातं बंद होते."

"मॅडमले इचारल्याबिगर भेटत नाही."

"अवं, तुह्येच गुडघे हायेत."

"माहे हायेत ना? मंग बसू द्या मले."

शिव्या दिल्या, हात जोडले. हलली नाही. पाच वाजले, सहा वाजले. सोमवारी फुटका चष्मा घालून बँक उघडायच्या आधी दारात उभा राहिलो. मॅडमने मेल पाहिला आणि खुर्चीत मागे टेकल्या. "काका, पासवर्ड भरला असता तर सगळं गेलं असतं. काकूंना नमस्कार सांगा."

ऑपरेशन झालं. आता बुढी बाजारात माझ्या पुढे चालते. एक दिवस विचारलंच, "तुले तं अक्षर वाचता येत नाही. ते खोटं हाय, हे कसं समजलं?"

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमाले आदरणीय कोण म्हणते?"