उंच केलेली पिकअप

परवा कारेगावच्या गॅरेजात गंजलेल्या बोल्टवर ओतलेल्या डिझेलचा वास आला आणि केंदूरचं आमचं अंगण आठवलं. शेताच्या वाटेवर पिकअपचं पोट घासायचं, म्हणून गाडी उंच करायचं किट मी घरीच बसवत होतो. सकाळपासून एक बोल्ट हलत नव्हता. बोटं सोलली होती.

वडील म्हणाले, "मेकॅनिकला बोलवू का?"

"आबा, तुम्ही गप बसा," मी खेकसलो.

दुपार कलताना गाडी चार बोटं उंच झाली. "बसा, चक्कर मारू," मी म्हणालो. आबांनी दोनदा पाय उचलला, पण दुखऱ्या गुडघ्यामुळं तो आत पोचेना.

"तू हो पुढं. मला न्हाई जमायचं."

मी वैतागून एकटाच निघालो. खाली उतरून त्यांना हात द्यावा, एवढंही मला सुचलं नाही, याचा आज राग येतो.