थंडी वाजते, पण बोलायचं नाही

किस्से साठतात कुठे, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ओव्हरकोटाच्या खिशात! दिवाळी झाली की आम्ही जर्मनीतल्या बॉबलिंगेनमधली सगळी मराठी मंडळी कपाटातून कोट काढतो आणि खिशात हात घालतो. गेल्या वर्षीचा टिश्यू, बसचं तिकीट, हातमोज्याला चिकटलेली तिळाची वडी, आणि प्रत्येकाच्या मागे एकेक गोष्ट. या वर्षी माझ्या खिशातून टीलाइटची, म्हणजे छोट्या मेणदिव्याची, रिकामी पत्र्याची वाटी निघाली. ती बघून मी कपाटासमोर एकटीच हसत बसले. ह्यांना वाटलं, मला थंडी बाधली!

तर ऐका, गेल्या हिवाळ्यात काय काय झालं ते.

मृण्मयी मूळची सोलापूरची. लग्न होऊन ऑगस्टमध्ये इथे शेजारच्या गावी, झिंडेलफिंगेनला आली, तेव्हा म्हणाली, "काकू, किती छान हवा आहे हो!" नोव्हेंबरात तीच मुलगी तीन स्वेटर घालून माझ्या सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "काकू, मी रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढलंय. फक्त जायचं." शेजारी तिचा नवरा निखिल. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, पण तोंड एवढंसं झालेलं. भांडण दोघांचं नव्हतं हो. भांडण आभाळाशी होतं!

त्यात आमचा ग्रुप असा की भेटला की हवेच्या नावाने रडणार. ते ऐकून पोरगी आणखीच खचायची.

मला औषध एकच येतं. व्रत!

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी महालक्ष्मीसमोर सगळ्यांच्या हातावर पाणी सोडलं आणि संकल्प सांगितला: रथसप्तमीला सूर्यनारायणासमोर दूध उतू जाईपर्यंत हवेबद्दल कुणी कुरकुर करायची नाही. जो करेल त्याने पुढच्या वेळचा प्रसाद करायचा.

हे घाबरून म्हणाले, "अगं, मग आम्ही एकमेकांशी बोलायचं काय?"

* * *

पहिला धक्का ह्यांनाच बसला. पुण्याहून ह्यांच्या चुलतभावाचा दर रविवारी फोन येतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काय रे, थंडी काय म्हणते?"

एरवी ह्यांचा अर्धा तास त्यातच जायचा. त्या रविवारी हे देवघराकडे बघत, एकेक शब्द तोलत म्हणाले, "ती काही म्हणत नाही. मीही काही म्हणत नाही."

भाऊजींनी लगेच मला वेगळा फोन केला. "वहिनी, खरं सांगा, दोघांचं भांडण झालंय का?"

* * *

मग पळवाटा निघाल्या. आमच्या विद्याताई बँकेतून निवृत्त झालेल्या, नियम वाकवण्यात पक्क्या. बाहेर पांढरंधोप, त्या आत येऊन बूट काढत म्हणाल्या, "आज सूर्यनारायणांचं वर्क फ्रॉम होम आहे वाटतं!"

"कुरकुर! कुरकुर!" हे ओरडले.

"मुळीच नाही. मी त्यांच्या रजेची चौकशी केली."

चर्चा झाली. चौकशीला माफी मिळाली. पुढच्या गुरुवारी जो तो चौकशी करत आत आला! "पाइप आज घन अवस्थेत आहेत." "माझी दाढी मी येता येता मोडून आलो." मृण्मयी कोपऱ्यात बसलेली. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले.

* * *

खालच्या मजल्यावर फ्राऊ हाउझर, म्हणजे हाउझरबाई, राहतात. वयाने आमच्या सासूबाईंएवढ्या, आणि दराराही तेवढाच. त्यांचा धर्म म्हणजे लुफ्टेन. कितीही गारठा असो, खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलायची. नाहीतर भिंतीला बुरशी येते!

एका गुरुवारी आमची आरती सुरू होती. पैठण्या, आत थर्मल, खिडक्यांच्या काचांवर वाफ. बेल वाजली. फ्राऊ हाउझरना खालून आमच्या काचा घामेजलेल्या दिसल्या होत्या. त्या सरळ आत आल्या, "आल्झो, लुफ्टेन!" म्हणजे "चला, हवा बदला!" म्हणाल्या आणि चारही खिडक्या उघडल्या.

निरांजन विझलं. वारा पदरातून आरपार. तक्रार करायची सोय नाही, आरती अर्धवट सोडायची नाही. मृण्मयीने टाळ्यांचा वेग वाढवला, तशा आम्ही सगळ्याच धावत सुटलो. कडवी एकमेकींच्या अंगावर पडत होती!

संपल्यावर फ्राऊ हाउझर भारावून म्हणाल्या, "फार चपळ धर्म आहे तुमचा."

* * *

संकष्टीची तर वेगळीच तऱ्हा. इथे हिवाळ्यात ढगांआडून चंद्र दिसायचा म्हणजे नशीबच. म्हणून मृण्मयीने सोलापूरला आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने गच्चीवर जाऊन फोन वर धरला. छान गोल गरगरीत चंद्र! आम्ही फोनला अर्घ्य दिलं, म्हणजे जरा लांबून.

पण तिकडे रात्र, तेव्हा इकडे दुपारचे चार-साडेचार. हे ताट घेऊन हजर. "चंद्र उगवला ना? मग वाढ!"

तेवढ्यात आईने विचारलं, "बाळा, तिकडे दुपारीच अंधार? कशी आहेस गं तू?"

मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं. व्रत आठवलं. म्हणाली, "आई, माझ्याकडे कपडे खूप आहेत."

त्यावर मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिकीट तसंच होतं.

* * *

फ्राऊ हाउझर पुढे आमच्याकडे शिऱ्यासाठी यायला लागल्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही लोक दारात आल्या आल्या एक वाक्य म्हणायचात. आता का म्हणत नाही? तांडी वाच-ते?"

मृण्मयीने जर्मनमध्ये समजावलं. थंडी म्हणजे केल्टं. वाजते म्हणजे घंटा वाजते, पेटी वाजते, तशी.

"थंडी वाजते? एखाद्या वाद्यासारखी?"

"या, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी तशीच.

"पण कुठे?"

मृण्मयी म्हणाली, "दातांत."

फ्राऊ हाउझरनी दात एकमेकांवर आपटून पाहिले. कान देऊन ऐकलं. मग मान डोलावली, "लॉजिकल आहे."

त्या दिवसापासून आमच्या इमारतीची बेल वाजली, की त्या जिन्यातून वर ओरडू लागल्या, "थंडी वाजते!" म्हणजे, दारात कुणीतरी कुडकुडत उभं आहे, उघडा!

* * *

रथसप्तमी आली. मी बाल्कनीतल्या बर्फावर हळदीने सूर्याचा रथ काढला. बोळक्यात दूध ठेवलं. पण इमारतीच्या नियमात बाल्कनीत शेगडी बसत नाही. फ्राऊ हाउझरनी फक्त टीलाइटची परवानगी दिली, तीही स्वतः उभं राहून. आम्ही बोळक्याखाली दिवाळीतल्या उरलेल्या टीलाइट लावल्या आणि हात जोडून उभे राहिलो.

सूर्य नाही. बर्फ भुरभुरतंय. एकेक टीलाइट विझतेय. बऱ्याच वेळाने निखिलने बोळक्यात डोकावलं.

"काकू, दूध उतू जात नाहीये. गोठतंय."

"आत गॅसवर घालवू उतू?" विद्याताई म्हणाल्या.

"सूर्यासमोर म्हणाला होतात ना काकू?" मृण्मयीने विचारलं. मी मान डोलावली. म्हणजे व्रतही सुटलं नाही! विझलेल्या टीलाइट मी कोटाच्या खिशात टाकल्या. मृण्मयीने वाकून नमस्कार केला. तिची बॅग घरी भरून तयार होती. माझ्या तोंडून "अष्टपुत्रा" निघालं नाही, "सांभाळून जा" एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी देवापाशी बसले होते. मन लागत नव्हतं. बेल वाजली. मागोमाग जिन्यातून खणखणीत आवाज आला, "थंडी वाजते!"

दार उघडलं. टोपीवर बर्फ, हातात बॅग, मागे धापा टाकत निखिल.

"अगं, विमान?"

"रद्द झालं काकू, बर्फामुळे. सगळा एअरपोर्ट कुरकुरत होता. मी एकटी गप्प!"

"मग आता?"

"उद्याचं देत होते. मी काउंटरवरच्या बाईंना सांगितलं, माझं दूध अजून उतू गेलेलं नाही."

"अगं! त्या काय म्हणाल्या?"

"'आख झो', म्हणजे अस्सं होय, म्हणाल्या, आणि तिकीट ओपन ठेवलं."